घाटमाथ्याच्या वाटा : प्रस्तावना

उंचीचाच निकष लावून पर्वतांची प्रतवारी करावयाची झाली, तर आपल्या सह्याद्रीला जगातील पर्वतांच्या यादीत फार खालचे स्थान पत्करावे लागेल. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर म्हणून ज्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो ते कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे, आणि सिमल्याच्या ज्या रस्त्यांवरून उन्हाळ्यात हवापालटासाठी गेलेली कुटुंबे सायंकाळी रमतगमत फिरतात, ते रस्ते त्याहून पाचेकशे मीटर उंचावर आहेत. साल्हेर १५६७ मीटर, हरिश्चंद्रगड १४२४, तोरणा १४०३. आणि ज्याच्या दर्शनाला आयुष्यात एकदा तरी जावे असे प्रत्येक मराठी माणसास वाटते तो रायगड तर सुमारे ८२० मीटरांवरच थांबतो. या डोंगरांवर बर्फ पडत नाही, विरळ हवेने श्वास कोंडत नाही, शिखर गाठण्यासाठी आठवडेच्या आठवडे तळ ठोकून बसावे लागत नाही. पायथ्याच्या गावातून पहाटे निघालेला साधारण प्रकृतीचा मनुष्य दुपारच्या आत बहुतेक माथ्यांवर पोहोचतो. आणि तरीही हिमालयात हिंडून आलेली माणसे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर प्रथम येतात तेव्हा नकळत दोन पावले मागे सरतात, जमिनीवर पालथी पडून मगच खाली डोकावतात, आणि बराच वेळ एकमेकांशी बोलत नाहीत. याचे कारण शोधू लागले म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यांवर जाण्यात विशेष ते काय, या प्रश्नाच्या मुळाशी आपण येतो. आणि प्रस्तुत ग्रंथाचा सारा प्रपंच त्या एका प्रश्नासाठी आहे.

ते कारण असे, की सह्याद्री ही दोन्ही अंगांनी सारखी चढत गेलेली डोंगररांग मुळी नव्हेच. ती दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडील तुटलेली कड आहे. देशावरून पश्चिमेस निघालेल्या प्रवाशाला आपण पर्वत चढत आहोत याची जाणीव फारशी होत नाही. माळ, टेकड्या, खाचरे, पुन्हा माळ असा मुलूख संथपणे उंचावत जातो, झाडी दाटते, हवेत ओलावा येतो, आणि मग एखाद्या सामान्य दिसणाऱ्या गवताळ उतारापलीकडे भूमी एकाएकी संपून खोल खाली कोकण उघडे पडते. भूशास्त्रज्ञ सांगतात की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून शिलारस वाहू लागला, त्याचे आडवे थर एकावर एक साचत गेले, आणि पश्चिम भागात या थरांची एकूण जाडी दोन हजार मीटरांच्या घरात पोहोचली. पुढे सेशेल्स बेटांचा भूखंड भारतापासून विलग झाला, पश्चिमेस समुद्र आला, आणि त्या नव्या किनाऱ्यालगत उभी राहिलेली पठाराची कड पावसाने आणि नद्यानाल्यांनी कोट्यवधी वर्षे झिजवीत आजच्या जागी, समुद्रापासून सरासरी पन्नास-साठ किलोमीटर आत, मागे नेली. त्या थरांपैकी जे कठीण होते ते उभे कडे होऊन राहिले; जे ठिसूळ होते त्यांचे उतार आणि सपाट टप्पे झाले. या टप्प्यांना डोंगरातले लोक पदर म्हणतात, आणि रान सर्वांत दाट असते ते या पदरात. कोकणातून वर येणारी कोणतीही जुनी वाट घ्या. ती आधी सोंडेवरून किंवा दांडावरून चढते, मग पदरात शिरून सावलीतून आडवी जाते, मग एखादी नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ, गाठून दगडगोट्यांतून उभी वर येते, आणि अखेरच्या कातळटप्प्यात खोदलेल्या पावठ्यांवरून माथ्यावर पोहोचते. ज्याने हा क्रम एकदा पायांनी अनुभवला, त्याला समोरच्या डोंगराच्या अंगावरचे आडवे पट्टे दुरूनही ओळखू येऊ लागतात, आणि वाट कोठे असेल व कोठे असूच शकणार नाही याचा अदमास बांधता येऊ लागतो.

पठाराची ही कड दोन मुलखांची सरहद्द आहे, आणि ती सरहद्द कोणा राजाने किंवा सरकारने ठरवलेली नसून वाऱ्याने व पाण्याने ठरवलेली आहे. नैर्ऋत्येकडून समुद्रावरून येणारे पावसाळी वारे या भिंतीशी अडतात, वर चढतात, वर चढताना थंडावतात आणि माथ्यावर आपला भार रिता करतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून १९ किलोमीटरांवरील पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आणि पसरणीचा घाट उतरून वाईस यावे, तर तेथे वर्षभरात हजार मिलिमीटरही भरत नाहीत. एका दिवसात पायी ओलांडता येईल एवढ्या अंतरात भाताचा मुलूख संपून ज्वारी-बाजरीचा सुरू होतो, घरांच्या छपरांचा उतार बदलतो, शेताच्या बांधाची उंची बदलते, आणि ज्या दुष्काळाच्या आठवणींनी देशावरच्या गावांच्या कहाण्या भरलेल्या आहेत त्या दुष्काळाचा उगम कोठे आहे हे डोळ्यांना दिसते. नद्यांचेही तसेच. गोदावरी ब्रह्मगिरीवर, भीमा भीमाशंकरी आणि कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. या तिघी माथ्याच्या अगदी काठाशी जन्मून पूर्वेकडे वळतात. ज्या समुद्राची रेघ स्वच्छ हवेत माथ्यावरून चमकताना दिसते त्याच्याकडे पाठ फिरवून गोदावरी १४६५ व कृष्णा १४०० किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळतात, आणि भीमा वाटेत कृष्णेच्या स्वाधीन होते. त्याच महाबळेश्वराच्या माथ्यावर उगवणारी सावित्री मात्र कड्यावरून उडी घेऊन थोड्याच अंतरात बाणकोटच्या खाडीत विसर्जित होते. माथ्यावरून जे दिसते त्यात सौंदर्य आहेच. परंतु हा देश असा का घडला याचे उत्तरही त्याच दृश्यात पसरलेले असते, आणि ते उत्तर वाचता येऊ लागले म्हणजे सौंदर्यही दुणावते, हे मला वाचकांस आग्रहाने सांगावयाचे आहे.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे या कडेचे सर्वांत भव्य रूप होय. गडावर देशाकडून येणाऱ्या वाटा, म्हणजे पाचनईची आणि खिरेश्वराहून टोलारखिंडीतून येणारी, तशा सौम्य आहेत. वर हरिश्चंद्रेश्वराचे घडीव दगडी मंदिर आहे. त्याच्या बाजूस केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्याने वेढलेले प्रचंड शिवलिंग आहे, ज्याच्या भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरला आहे. चांगदेवांच्या वास्तव्याची परंपराही या स्थळाशी निगडित आहे. त्यामुळे कड्यावर पोहोचेपर्यंत प्रवाशाचे मन एका जुन्या तपोभूमीच्या वातावरणात रमलेले असते. तेथून पश्चिमेकडे चालत गेले की गवताळ उतार संपतो आणि अर्धवर्तुळाकार कडा पायांखाली आत वळून दिसेनासा होतो. कड्याचा माथा त्याच्या पोटापेक्षा पुढे आलेला असल्यामुळे काठावरून कड्याचे अंग दृष्टीस पडतच नाही. दिसते ते थेट कोकण, हजार मीटरांहून अधिक खाली, बेलपाड्याची घरे, त्यांच्या भोवतीची खाचरे आणि कल्याणकडून माळशेज घाटास येणारा रस्ता. दुपारनंतर तापलेल्या कोकणातली हवा वर उठते आणि कड्याशी भिडून इतक्या वेगाने वर फेकली जाते, की काठावरून सोडलेले वाळके पान खाली न जाता डोक्यावरून मागे येऊन पडते.

याच कड्यावर क्वचित दिसणाऱ्या एका चमत्काराला इंद्रवज्र म्हणतात. खालची दरी धुक्याने भरलेली असावी आणि सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असावा, म्हणजे त्या धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटते व त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःचीच सावली पडते. दहा माणसे ओळीने उभी असली तरी प्रत्येकास त्या वर्तुळाचे केंद्र आपल्याच मस्तकाशी दिसते. धुक्यातील अतिसूक्ष्म जलबिंदूंवरून प्रकाश आल्या वाटेने परत फिरताना त्याचे जे विवर्तन होते त्याचा हा परिणाम आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत मुंबई इलाख्याच्या सांख्यिकी पाहणीवर नेमलेले कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गडावर पाहिलेल्या अशा वर्तुळांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्याही आधी शेकडो वर्षे गडाच्या घेऱ्यातील महादेव कोळ्यांनी, गुराख्यांनी आणि गुहांतून राहणाऱ्या तपस्व्यांनी ते पाहिले असले पाहिजे. केवळ ते कोणत्या दप्तरात नमूद झाले नाही, इतकेच.

असे असले तरी कोणी मला एकाच माथ्याची शिफारस करावयास सांगितले, तर मी कोकणकड्याची न करता नाणेघाटाची करीन. नाणेघाटाचा कडा त्या मानाने लहान, चढण मध्यम. वैशाखऱ्याकडून रानातून वर येणारी वाट दोन-तीन तासांत माथ्याशी आणून सोडते. पण त्या वाटेचे अखेरचे टप्पे चढताना पायांखालचा दगड घासून गुळगुळीत झालेला आहे हे लक्षात येते, आणि तो पावसाने घासलेला नसून पावलांनी, बैलांच्या खुरांनी व ओझ्यांनी घासलेला आहे हे उमजले म्हणजे चालणाऱ्याची चाल आपोआप मंदावते. ही वाट दोन हजार वर्षांहून जुनी आहे. जुन्नर ही सातवाहनांच्या राज्यातील मोठी पेठ, आणि कल्याण व शूर्पारक ही समुद्रावरची बंदरे. या दोहोंना जोडणारा हा मार्ग, आणि त्याच्या ऐन तोंडाशी, वाट माथ्याला भिडण्याच्या थोडे आधी, कातळात खोदलेले लेणे आहे. त्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील विस्तीर्ण लेख आहे, ज्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची, गायींची, हत्तींची, कार्षापण नाण्यांची यादी आकड्यांनिशी दिलेली आहे. भारतातील अंकांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना या आकड्यांकडे यावेच लागते. मागच्या भिंतीवर राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या आज नष्ट झाल्या आहेत, पण त्यांच्या माथ्यावर कोरलेली नावे, सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी अशी, वाचता येतात. राजघराण्याने आपली कीर्ती कोरण्यासाठी राजधानीतील मंदिर निवडले नाही, डोंगरातली खिंड निवडली, यावरून त्या काळी या खिंडीतून किती लोक व किती धन जात असेल याची कल्पना करावी. घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकली जात, असे परंपरा सांगते.

लेणे पाहून वर यावे, नानाचा अंगठा म्हणून जो कडा पुढे झुकलेला आहे त्याच्या माथ्यावर बसावे, आणि मग समोर पाहावे. डाव्या हाताला जीवधन व त्याच्यापासून तुटून उभा राहिलेला वानरलिंगी सुळका, पलीकडे दूर गोरखगड आणि मच्छिंद्रगड, उजव्या हाताला मोरोशीच्या भैरवगडाची भिंत, आणि खाली कल्याणच्या दिशेने निवळत गेलेले कोकण. पाठीमागे जुन्नरचा मुलूख, आणि त्याच्या रक्षणासाठी चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले. कोकणातून मीठ, तांदूळ, नारळ, सुकी मासळी वर यावी; देशावरून धान्य, गूळ, मिरची, कांबळी आणि कापड खाली उतरावे; लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या घालून येथून जावेत आणि चौकीवर दस्तक दाखवून, जकात भरून पुढे सरकावेत, असा क्रम राजवटी बदलल्या तरी शतकानुशतके चालू राहिला. अठराव्या शतकातील कमाविसदाराच्या हिशेबात घाटांच्या जकातीला जे स्थान होते, तेच नाव वेगळे घेऊन सातवाहनांच्या कारभारातही असले पाहिजे. लोहमार्गांनी हा क्रम मोडला. १८६३ साली बोरघाटातून व १८६५ साली थळघाटातून आगगाडी वर आली, आणि जो माल पन्नास वाटांनी विखरून चढत-उतरत होता तो दोन वाटांवर गोळा झाला. उरलेल्या घाटवाटा त्या दिवसापासून गुराख्यांच्या, माहेरवाशिणींच्या आणि बाजारकरूंच्या वाटा होऊन राहिल्या.

किल्ल्यांविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही, कारण त्यांवर मराठीत अधिकारी पुरुषांनी विपुल लिहून ठेवले आहे, आणि २०२५ साली बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाल्यापासून त्यांची वार्ता घरोघर पोहोचली आहे. दोनच गोष्टी नमूद करतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, आणि जवळ त्याहून उंच डोंगर असल्यास तो सुरुंगाने खाली करावा किंवा बांधून आपल्या ताब्यात घ्यावा, असा उपदेश आहे. आजही माथ्यावर पोहोचल्यावर प्रथम पाण्याचे टाके शोधावे आणि मग चहूकडे नजर टाकून आपल्याहून उंच काय आहे ते पाहावे, एवढ्याने त्या किल्ल्याची निम्मी हकीकत समजते. दुसरी गोष्ट अशी, की ज्या दृश्यासाठी आपण राजगडाच्या बालेकिल्ल्यावर चढतो, तोरणा, सिंहगड, पुरंदर आणि निरभ्र हवेत पश्चिमेस लिंगाणा व रायगड, ते दृश्य पाहत राहणे ही कोणाची तरी चाकरी होती. हवालदार, सबनीस आणि कारखानीस गडावर असत. पण गडाच्या अंगावरच्या मेटांवर, म्हणजे पहाऱ्याच्या ठाण्यांवर, राहणारे मेटकरी, त्यांच्या नजरेवर गडाची सुरक्षितता अवलंबून असे, आणि त्यांचे वंशज आजही त्याच मेटांवर, त्याच पाण्यावर राहतात. १८१८ नंतर कंपनी सरकारने अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंग व मदन या गडांवर जाताना दोर लागतो तो यामुळे.

डोंगरमाथ्यावरून देखावा पाहण्याची दुसरी एक परंपरा आपल्याकडे इंग्रजांनी आणली, आणि तिला हीन लेखण्याचे कारण नाही. जनरल लॉडविक १८२४ साली महाबळेश्वरी चढले. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्यात करार होऊन तेथे हवा खाण्याचे ठाणे वसले. ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरानची वाट धरली. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. या लोकांनी कड्यांच्या टोकांना पॉइंट म्हणून आपल्या अधिकाऱ्यांची व आप्तांची नावे दिली, तेथपर्यंत रस्ते केले, कठडे बांधले आणि बसण्यास जागा केल्या. माथेरानात मोटारींना मज्जाव असल्यामुळे लुईझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, वन ट्री हिल ही ठिकाणे आजही लाल मातीच्या रस्त्यांनी, झाडांच्या छायेतून चालत जाऊन पाहावी लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांना व लहान मुलांना कडा म्हणजे काय हे दाखवावयाचे असेल तर याहून उत्तम स्थळ नाही.

परंतु मोटारीतून उतरून कठड्याशी जाण्यात आणि त्याच कठड्याशी खालून येण्यात काय अंतर आहे, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने महाबळेश्वरच्या आर्थर सीटला ढवळे घाटाने यावे. पोलादपूरच्या बाजूस ढवळे गाव आहे, मोठ्या डोंगरांच्या कोंडीत वसलेले. तेथून चंद्रगड एका अंगास ठेवून वाट रानात शिरते आणि दिवसभर त्या रानाबाहेर येत नाही. सावली इतकी दाट असते की सूर्य कोठे आहे हे तासन्‌तास कळत नाही; पानांच्या थराखाली वाट चाचपडावी लागते; चढ संपला असे वाटते तेथे घसाऱ्याचा नवा टप्पा उभा राहतो. वाटेत बहिरीची घुमटी लागते, उघड्यावरचे देवस्थान, जेथे पूर्वी घाट चढणारे हात जोडून पुढे निघत. मग जोराचे पाणी नावाचे टाके, ज्याच्यावाचून ही वाट वाहती राहिलीच नसती. आणि मग, पाय थकलेले असताना, कातळाच्या कडेकडेने वर येत गेले की माणसांचे आवाज ऐकू येऊ लागतात आणि प्रवासी त्याच कठड्याशी उभा राहतो. एका अंगास सावित्रीची दरी, ज्या रानातून तो आला ते हिरवे विवर. दुसऱ्या अंगास जोरचे खोरे, जेथे कृष्णेचे पाणी गोळा होते. समोर कोळेश्वर व रायरेश्वर ही पठारे आणि त्यांच्यामागे तोरणा, राजगड. मोटारीतून आलेल्यासही हेच दिसते. पण खालून आलेल्याला त्या दरीतील प्रत्येक वळणाचे मोल ठाऊक असते, कोणत्या पदरात पाणी आहे व कोणत्या दांडावर सावली नाही हे त्याच्या अंगात भिनलेले असते, आणि म्हणून त्याच्या डोळ्यांपुढील दृश्यास खोली असते. या माथ्यांवर नुसते येऊन पोहोचण्यापेक्षा खालून वर येण्यास मी अधिक महत्त्व देतो, त्याचे कारण एवढेच.

ऋतूंविषयी लिहिणे क्रमप्राप्त आहे, कारण या बाबतीत गैरसमज फार आहे. सांप्रत शहरांतून डोंगराकडे लोटणारी गर्दी पावसाळ्यात असते. पावसाळ्यात सह्याद्री अतिशय सुंदर असतो यात शंका नाही. पण माथ्यावरून दृश्य म्हणून काही पाहावयाचे असेल तर आषाढ-श्रावणात ढगाखेरीज काही दिसणार नाही, आणि शेवाळलेला कातळ, फुगलेले ओढे व धुक्यात हरवलेली वाट यांनी दरवर्षी बळी घेतलेले आहेत. दृश्यासाठी खरा काळ दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो. पावसाने हवा धुतलेली असते, सोनकीच्या पिवळ्या फुलांनी सडे व उतार झाकलेले असतात, टाकी काठोकाठ भरलेली असतात. आणि सात-आठ वर्षांनी एकदा येणारा कारवीचा बहर नेमका त्या वर्षी असेल तर डोंगराची अंगेच्या अंगे जांभळट निळी झालेली दिसतात. कार्तिक ते माघ हे महिने चालण्यास सर्वोत्तम. फाल्गुनात कोकणातील शेतकरी राब भाजू लागतात, त्यांचा धूर आणि उष्म्याची धूसरता एकत्र होऊन क्षितिज आखडते. टाक्यांतले पाणी आटते. कड्यांवर आग्या मोहोळ असते आणि त्याच्याखाली विडी ओढणे किंवा आरडाओरडा करणे जिवावर बेतू शकते. चैत्र-वैशाखात मात्र करवंदे आणि जांभळे पिकतात, आणि केवळ तेवढ्यासाठी उन्हाची पर्वा न करता डोंगरात जाणाऱ्यांविषयी मला आदर आहे.

आता एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे मी माझे कर्तव्य समजतो. घाटवाट ही बांधून ठेवलेली वस्तू नव्हे. ती वापराने जिवंत राहते. एक पावसाळा तिच्यावरून कोणी गेले नाही तर कारवी दोन्ही बाजूंनी मिटते, दुसऱ्या पावसाळ्यात एखादी दरड नाळेत येऊन बसते, आणि पाच-सात वर्षांत ती वाट होती हे सांगणारा एखादा म्हातारा तेवढा उरतो. खालच्या पाड्यातील ठाकर, कातकरी व महादेव कोळी, माथ्यावरच्या वाड्यांतील धनगर, यांच्या बाजाराने, सोयरिकींनी आणि जत्रांनी या वाटा शतकानुशतके मोकळ्या ठेवल्या होत्या. कोकणातील मुलगी घाटावर दिली जाई, आणि ती सणाला माहेरी उतरे ती याच नाळेतून, कडेवर मूल घेऊन. आता मोटाररस्ता गावापर्यंत आला, तीच मुलगी तालुक्याच्या गावावरून वळसा घालून मोटारीने जाते, आणि तिने तसे जावे हेच योग्य आहे. तिने आपल्या सोयीसाठी रस्ता मागितला तर तो मिळालाच पाहिजे. तिच्या पावलांनी राखलेली वाट आता दुसऱ्या कोणी तरी राखावयास हवी, आणि त्या वाटेवर स्वखुशीने जाणारे असे आता आपणच उरलो आहोत.

यास्तव माझी विनंती आहे की डोंगरात जाताना गावातला वाटाड्या घ्यावा. तो केवळ वाट चुकू नये म्हणून नव्हे. त्याला योग्य मजुरी आधी ठरवून द्यावी, त्याच्या घरी भाकरी मागून घ्यावी व तिचे दाम चुकते करावे, आणि चालताना त्याला नावे विचारावी: या दांडाचे नाव काय, हा झरा कोणाचा, ही घुमटी कोणत्या देवाची, वरच्या सुळक्याला तुम्ही काय म्हणता. सर्वेक्षण खात्याच्या नकाशात शिखरे आहेत, उंची आहे, गावे आहेत. पण नाळांची, पदरांची, पाणवठ्यांची नावे बहुतांशी त्याच्याच मुखी आहेत, आणि त्याचा मुलगा शहरात नोकरीस लागला म्हणजे ती तेथे जाणार नाहीत. जी नावे मिळतील ती जशीच्या तशी, उच्चार न बदलता, लिहून ठेवावी. टाक्यात पाय किंवा भांडी धुऊ नयेत, कारण त्याच टाक्याचे पाणी उन्हाळ्यात गुरांना व माणसांना पुरवावयाचे असते. आणि माथ्यावर ध्वनिवर्धक लावून वाजवणाऱ्यांना कोणी तरी स्पष्ट शब्दांत मनाई केली पाहिजे.

राहता राहिले ग्रंथाच्या रचनेविषयी. उत्तरेकडून दक्षिणेकडे, कळसूबाईपासून महाबळेश्वरापर्यंत, असा क्रम धरला आहे. कळसूबाई प्रत्यक्ष घाटमाथ्याच्या काठावर नाही, ती थोडी पूर्वेस आहे. पण बारी गावातून लोखंडी शिड्यांनी देवीच्या देवळाशी आले म्हणजे अलंग, मदन, कुलंग, रतनगड, भंडारदऱ्याचा १९२६ साली बांधून पूर्ण झालेल्या धरणामागचा जलाशय, पूर्वेस पट्टा आणि औंढा, आणि हवा साथ देईल तर उत्तरेस सातमाळ्यातील धोडपची ओळखू येणारी खाच, इतके सर्व एका नजरेत येत असल्यामुळे आरंभ तेथूनच करणे सयुक्तिक वाटले. साल्हेर-मुल्हेरचा बागलाणी मुलूख आणि दक्षिणेकडील आंबोलीपर्यंतचा घाटमाथा यांना स्वतंत्र ग्रंथाची आवश्यकता आहे, म्हणून ते येथे घेतले नाहीत. अंतरे किलोमीटरांत न देता चालण्याच्या तासांत दिली आहेत, कारण डोंगरात कोस फसवतात. ते तास विसावा धरून व वाटाडा सोबत असतानाचे आहेत. जेथे दोन वाटा आहेत तेथे कोकणातल्या पायथ्यापासून चढणारी वाट आधी आणि देशाकडून येणारी नंतर सांगितली आहे; ज्याच्याजवळ एकाच वाटेपुरता वेळ असेल त्याने पहिली घ्यावी; ज्यास सवड असेल त्याने मुक्काम माथ्यावर करावा, आणि उतरताना दुसरी धरावी.